आग रॅमेश्वरी, बंब विंडोजवर

लग्नाच्या अल्बमइतकी घरच्या कॉम्प्युटरची परीक्षा दुसरं कोणतंच काम घेत नाही. ऑनलाइन फॉर्म, हळदीच्या पट्ट्यांचा हिशेब, रात्री एखादा सिनेमा, एवढ्यावर मशीन महिनोन्‌महिने गुमान चालतं. मोठ्या पानावर भारंभार फोटो मांडले की मेमरी भरत जाते, आणि कुठं खोट असेल तर ती तेव्हा उघडी पडते.

माझा मामेभाऊ नरसी नामदेवला घरीच असे अल्बम करतो. ऐन लग्नसराईत त्याची स्क्रीन निळी पडायला लागली. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’; कधी नुसताच ब्राउझर मिटायचा, कधी काल उघडलेली झिप फाइल आज खराब निघायची. दुकानात नेऊन विंडोज मारून झालं, परत मारून झालं. आता मदरबोर्डवर बोट होतं.

“दादा, उन्हानंच होतंय हे,” तो म्हणाला. पारा चाळीशीच्या वर, खोलीवर पत्रे. त्याचंही चुकत नव्हतं.

फॉरमॅट या औषधावर माझा मुळीच विश्वास नाही. रोज वेगळ्या प्रोग्रामवर आळ येतो, तेव्हा चोर बहुधा त्या सगळ्यांच्या खाली असतो. शिवाय फॉरमॅट मारला की आधीच्या क्रॅशच्या नोंदीही पुसल्या जातात. माझा संशय रॅमवर होता. रॅममधल्या एकेका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर असतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही १९६६ची कल्पना. कपॅसिटर गळका असतो, म्हणून सगळ्या मेमरीतला भार साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा नव्यानं भरावा लागतो. एखादं घर त्याआधीच रितं झालं, की १चा ० होतो. तिथं फोटोतल्या रंगाचा २०० हा आकडा असेल तर त्याचा १९२ होईल, आणि नवरीच्या शालूत कुणाला काही कळणार नाही. तिथंच विंडोजचा एखादा पत्ता असला, तर सगळं मशीन आडवं. खोट एकच, पण त्या जागी कोण बसलंय यावर निळ्या स्क्रीनवरचं नाव बदलतं.

मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर घेतला. हा प्रोग्राम विंडोज सुरूच होऊ देत नाही, कारण विंडोज स्वतः मेमरीत जागा अडवून बसतं. तो प्रत्येक घरात ठरलेले आकडे लिहितो, परत वाचतो, मग उलटे लिहून पुन्हा वाचतो. एक फेरी पुरी व्हायलाही वेळ लागतो, म्हणून रात्री लावायचा, आणि इन्व्हर्टर भरलेला आहे ना ते बघून. पहाटे निळ्या पडद्यावर लाल ओळी होत्या. एक ओळ दिसली तरी पुरे. ‘थोड्याच चुका आहेत’ असं समाधान इथं चालत नाही.

लाल ओळ आली म्हणून रॅमची पट्टीच वाईट, असंही लगेच म्हणता येत नाही. वेग वाढवणारी एक्सएमपीची सेटिंग आधी बंद केली. लाल ओळी तरीही आल्या. वायर काढली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. आत धुळीचा थर होता. तो ब्रशनं झाडला, तोंडानं फुंकर मारली नाही, थुंकीचा ओलावा बसतो. पट्टीचे सोनेरी दात घासायला सगळे खोडरबर घेतात. मीही घेतो, पण मऊ पांढरा, आणि हलक्या हातानं. तो मुलामा फार पातळ असतो.

मग पेननं पट्ट्यांवर एक आणि दोन लिहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक नंबर एकटीच स्लॉटमध्ये बसवली: स्वच्छ. दोन नंबर त्याच स्लॉटमध्ये: लाल. दोन नंबर दुसऱ्या स्लॉटमध्ये: पुन्हा लाल. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडखळल्या असत्या, तर मदरबोर्डवर संशय घेणं रास्त होतं. इथं दोष पट्टीसोबत फिरत होता.

उन्हाचं काय? गूगलच्या हजारो सर्व्हरचा अडीच वर्षांचा अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त निघाली, आणि तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा फारच कमी. ते सर्व्हर थंड खोल्यांतले, म्हणून नरसीच्या उन्हाला मी पूर्ण निर्दोष सोडणार नाही. पण आमची दोन नंबर पहाटेच्या गारव्यातही चुकत होती. त्या सर्व्हरमध्ये चूक ओळखणारी जादा चिप असते. घरच्या मशीनमध्ये बहुधा ती नसते, चूक गुपचूप पुढं सरकते.

आणि सरकून हार्ड डिस्कवर जाते. पट्टी बदलून हे निस्तरत नाही. जेपीईजीत एक बिट फिरलं तरी तिथून खालचा फोटो करडा किंवा भलत्याच रंगाचा होऊ शकतो. त्या दिवसांत कॉपी केलेला सगळा माल संशयित धरावा लागला. भावानं अजून कॅमेऱ्याची कार्डं पुसली नव्हती. एक नंबरच्या एकटीच्या भरवशावर मशीन चालू केलं, कार्डातले फोटो नव्या फोल्डरमध्ये घेतले आणि जुन्यांशी बाइट-बाइट जुळवले. जे जुळले नाहीत त्यांत वरातीचेच जास्त निघाले. अल्बमची ती पानं त्याला पुन्हा मांडावी लागली.