किकॅड आणि ते सांभाळणारे

सर्किट बोर्ड आखण्याचा किकॅड हा मुक्त प्रोग्रॅम १९९२ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे सुरू झाला. तिथल्या विद्यापीठाच्या तंत्रसंस्थेत शिकवणाऱ्या ज्याँ-पिएर शारास यांनी तो लिहायला घेतला आणि पुढची बरीच वर्षे तो मुख्यतः त्यांच्याच हातचा राहिला. त्यातल्या कामांचा क्रम आजही फारसा बदललेला नाही. आधी स्केमॅटिक, म्हणजे कोणता घटक कशाला जोडायचा याचा आराखडा. मग प्रत्येक घटकाचा फूटप्रिंट, म्हणजे त्याचे पाय जिथे सोल्डर व्हायचे त्या तांब्याच्या पॅडची मांडणी. त्यानंतर पॅडना जोडणारे ट्रॅक, आणि शेवटी कारखान्याकडे जाणाऱ्या गर्बर फाइली.

त्या काळी मुक्त पर्याय अगदीच नव्हते असे नाही. १९९८मध्ये सुरू झालेल्या जीईडीएचे चाहते बरेच होते. पण तो लिनक्सच्या मंडळींचा संच, आणि त्याचे सुटे भाग एकमेकांशी जुळवण्याची जबाबदारी वापरणाऱ्याचीच. किकॅड विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालत असे, स्केमॅटिकपासून गर्बरपर्यंत सगळे एकाच छताखाली मिळे. विद्यार्थी आणि हौशी मंडळी तिकडे वळली ती या सोयीमुळे. व्यावसायिक अभियंते मात्र लांबच राहिले, आणि त्याला कारणेही होती.

पहिले कारण मापांचे. किकॅड आतल्या आत सगळी अंतरे इंचाच्या दहा हजाराव्या भागात मोजत असे. जुन्या, इंचांच्या हिशेबातल्या घटकांना ते चालून गेले. पण अर्ध्या मिलिमीटरवर पाय असलेली चिप आली, की ते अंतर १९६.८५ भरे आणि साठवताना १९७ होई. चूक सूक्ष्म खरी, पण पायागणिक साचत जाणारी. हे एकक पुढे बदलून नॅनोमीटर केले गेले आणि त्याच सुमारास बोर्डाच्या फाइलीलाही नवे, माणसाला वाचता येईल असे स्वरूप मिळाले. या कामात डिक हॉलेनबेक यांचा वाटा मोठा होता. जुलै २०१३च्या स्थिर आवृत्तीत हे बदल वापरणाऱ्यांच्या हाती पडले.

दुसरे कारण आवृत्त्यांचे. २०१३च्या त्या आवृत्तीनंतरची ४.० ही आवृत्ती थेट नोव्हेंबर २०१५मध्ये आली. मधल्या दोन वर्षांत ज्याला नवी सोय हवी, त्याला रोज तयार होणारी कच्ची आवृत्ती घ्यावी लागे. साहजिकच कोणाच्या अडचणीला उत्तर देण्याआधी त्याच्याकडे नेमके काय बसवलेले आहे हेच शोधावे लागे. एकाला सुचवलेला उपाय दुसऱ्याच्या संगणकावर लागू पडेलच असे नव्हते. या काळात किकॅड टिकला तो प्रोग्रॅमरांइतकाच अशा उत्तरे देणाऱ्यांच्या चिकाटीवर, असे म्हणायला हरकत नाही.

वळण आले ते जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेमुळे. सर्नने २०११मध्ये मुक्त हार्डवेअरसाठी स्वतःचा परवाना काढला होता. परवाना मुक्त, आराखडाही मुक्त, पण तो उघडायला लागणारा प्रोग्रॅम महागडा, ही विसंगती तिथल्या अभियंत्यांना खुपत होती. २०१३पासून सर्नने किकॅडसाठी मनुष्यबळ दिले. टोमाश व्वोस्तोव्स्की यांनी लिहिलेला राउटर हे त्याचे सर्वात दिसणारे फळ. नवा ट्रॅक ओढताना वाटेतले जुने ट्रॅक आणि व्हाया, म्हणजे थर जोडणारी छिद्रे, नियमातले अंतर राखून आपोआप बाजूला सरकतात. ही सोय तोवर महागड्या प्रोग्रॅमांतच मिळे. चित्रणही संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर आले आणि मोठे बोर्ड हलवताना लागणारी धाप थांबली.

याच सुमारास पवईच्या आयआयटी मुंबईत फॉसी प्रकल्पाने किकॅडला वेगळ्या कामाला लावले. आधी ऑस्कॅड आणि नंतर ई-सिम या नावाने आलेल्या त्यांच्या संचात स्केमॅटिक किकॅडमध्ये काढायचे आणि सर्किटचे गणित एनजीस्पाइस या प्रोग्रॅमकडून सोडवून घ्यायचे अशी जोडणी होती. ज्या महाविद्यालयांना परवान्यांचा खर्च पेलत नव्हता त्यांच्यासाठी हा खटाटोप होता. खुद्द किकॅडच्या आत एनजीस्पाइस आले ते जुलै २०१८च्या ५.० आवृत्तीत.

५.० आवृत्तीला बाजारातल्या एका घडामोडीचाही हातभार लागला. हौशी मंडळींत आणि छोट्या कंपन्यांत तोवर ईगल या प्रोग्रॅमचे राज्य होते. त्याची फुकट आवृत्ती दोन थरांच्या, १०० बाय ८० मिलिमीटरच्या बोर्डापुरती होती, तरी तेवढ्यात पुष्कळांचे भागत असे. २०१६मध्ये ऑटोडेस्कने ईगल विकत घेतले आणि २०१७च्या जानेवारीत ते वर्गणीवर आणले. एकदा विकत घेऊन वर्षानुवर्षे वापरायची सवय असलेल्यांना हे रुचले नाही. ५.० आवृत्ती ईगलचा अख्खा प्रकल्प, स्केमॅटिक आणि बोर्ड दोन्ही, उघडू शकत होती. ईगलने स्वतःच आपली फाइल आधी उघड्या स्वरूपात आणली होती, म्हणून हे काम सोपे झाले.

वापरणारे वाढले तसे सांभाळण्याचे ओझेही वाढले, सगळ्यात जास्त लायब्ररीचे, म्हणजे घटकांची चिन्हे आणि फूटप्रिंट यांच्या साठ्याचे. प्रोग्रॅममधली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. पण फूटप्रिंटमध्ये पाय उलटे लागले तर छापून आलेले बोर्ड टाकूनच द्यावे लागतात. म्हणून लायब्ररी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी रेखा, पॅड, नावे यांचे काटेकोर नियम ठरवले. आलेला प्रत्येक फूटप्रिंट उत्पादकाच्या डेटाशीटशी ताडून पाहायचा हा त्यांचा रिवाज. काम कंटाळवाणे आणि नाव कोणाचेच होत नाही, पण किकॅडवर विश्वास बसला त्यात या तपासणीचा वाटा राउटरपेक्षा कमी नाही.

२०१९ हे वर्ष घडी बसण्याचे. शिकागोत किकॅड वापरणाऱ्यांचे पहिले संमेलन भरले, सोर्स कोड गिटलॅबवर हलला आणि नोव्हेंबरमध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. देणग्या घेणे आणि पैसा खर्च करणे त्यामुळे सोपे झाले. प्रकल्पाची धुरा वाहणाऱ्या वेन स्टॅम्बॉ यांनी काही सहकाऱ्यांसह पैसे घेऊन मदत देणारी किकॅड सर्व्हिसेस ही कंपनीही काढली. प्रोग्रॅम फुकट, पण अडचण आली की फोन कोणाला करायचा, या कंपन्यांच्या जुन्या प्रश्नाला तिने उत्तर दिले.

डिसेंबर २०२१च्या ६.० आवृत्तीत स्केमॅटिकच्या फाइलीचे स्वरूप बदलले; बोर्डाला मिळालेली सुधारणा स्केमॅटिकला मिळायला आठ वर्षे लागली. आता चिन्हे स्केमॅटिकच्या फाइलीतच साठवली जातात. त्याआधी लायब्ररीत बदल झाला की जुन्या आराखड्यातली चिन्हे बिघडत आणि ती ‘वाचवण्याचा’ वेगळा सोपस्कार करावा लागे. मदत मागणाऱ्यांच्या तक्रारींत त्याचा क्रमांक बराच वरचा होता.

७.०, ८.० आणि ९.० या आवृत्त्या अनुक्रमे २०२३, २०२४ आणि २०२५च्या फेब्रुवारीत आल्या. वर्षाला एक मोठी आवृत्ती आणि मध्ये फक्त दुरुस्त्या, अशी शिस्त आता पडली आहे. तिची किंमतही आहे: नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनीत उघडत नाही आणि जुन्या मोठ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या लवकरच थांबतात, त्यामुळे गटातल्या सगळ्यांना एकदमच पुढे सरकावे लागते. ट्रॅक आपोआप टाकणारा ऑटोराउटर आजच्या किकॅडमध्ये अंगभूत नाही. त्यासाठी फ्रीराउटिंग हा वेगळा प्रोग्रॅम जोडून घेतात. दरम्यान, जून २०२६मध्ये ईगल बंद करण्याची घोषणा ऑटोडेस्कने २०२३मध्येच केली, आणि त्याच्या जुन्या फाइली उघडून देण्याचे काम किकॅड करतो आहे.