अनुक्रमणिकेतून निघालेला नियम

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी फुटतात, तराजू बिघडतो, बाटल्यांवरची नावे पुसट होतात, पण भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता आपल्या जागी असतो. डावीकडे वर हायड्रोजन, उजव्या टोकाला हेलिअम, आणि मधल्या चौकटींत लोखंडापासून सोन्यापर्यंत सारे काही. अवघी सृष्टी ज्या द्रव्यांची झाली ती एका कागदावर मावतात, ही कल्पना कुणाला कुठे सुचली असेल? भट्टीसमोर किंवा एखाद्या प्रयोगाच्या मध्येच, असे आपण सहज धरून चालतो. खरे तर ती सुचली पाठ्यपुस्तक लिहिताना. पहिला खंड लिहून होत आला होता आणि दुसऱ्या खंडात कोणत्या प्रकरणानंतर कोणते घ्यायचे, ते ठरत नव्हते.

हे पुस्तक दिमित्री मेंडेलीव्हचे. १८६७ साली तो सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात सामान्य रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. तो तयार झाला होता शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत, आणि सिम्फेरोपोल व ओडेसा इथे त्याने शाळेत शिकवलेही होते. १८६१ साली त्याचे सेंद्रिय रसायनाचे पाठ्यपुस्तक आले आणि त्याला देमिदोव पारितोषिक मिळाले. आता असेंद्रिय रसायन शिकवायचे, तर विद्यार्थ्यांच्या हाती देण्याजोगे रशियन भाषेतले पुस्तकच मिळेना. तेव्हा १८६८ मध्ये तो स्वतःच लिहायला बसला. नाव ठेवले ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’.

पण त्याची अडचण नीट कळायची, तर आठ वर्षे मागे जायला हवे. त्या काळी रसायनतज्ज्ञांमध्ये अणूंच्या वजनांवरही एकमत नव्हते. कुणी ऑक्सिजनच्या अणूचे वजन ८ धरी, कुणी १६. कार्बनचे कुणी ६ मानी, कुणी १२. त्यामुळे पाण्यात हायड्रोजनचा एक अणू की दोन, हेही प्रत्येक पुस्तकात वेगळे. रसायनतज्ज्ञ केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आंबटपणाची, प्रचलित १९ सूत्रे ओळीने मांडून दाखवली आहेत. वर्गात बसलेल्या मुलाने यातले कोणते पाठ करायचे?

हा गुंता सोडवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे सुमारे १४० रसायनतज्ज्ञ जमले. हायडलबर्गमध्ये अभ्यासासाठी राहिलेला तरुण मेंडेलीव्हही तिथे होता. तीन दिवस चर्चा झाली, निर्णय झाला नाही. मात्र निरोप घेताना उपस्थितांच्या हाती एक छोटी पुस्तिका पडली. लेखक इटलीचा स्तानिस्लाओ कानिझारो. जिनोव्हा विद्यापीठात आपण हा विषय कोणत्या क्रमाने शिकवतो, त्याचा आराखडा त्याने १८५८ मध्ये लिहून काढला होता. म्हणजे एका शिक्षकाचे पाठाचे टाचणच ते.

त्यातली युक्ती आजही वाचताना मन थक्क होते, इतकी सोपी आहे. शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये म्हटले होते की तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही दोन वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. जवळजवळ पन्नास वर्षे या विधानाकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. कानिझारोने विद्यार्थ्यांना ते वापरायला शिकवले. वायूंची समान आकारमाने तोला, म्हणजे रेणूंची वजने तोलल्यासारखेच होईल. हायड्रोजनच्या रेणूला २ माना. मग पाण्याच्या वाफेचा रेणू १८ भरतो, त्यात ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइडचा २८, त्यात ऑक्सिजन पुन्हा १६. कार्बन डायऑक्साइडचा ४४, त्यात ऑक्सिजन ३२. सोळा, सोळाची दुप्पट, पण सोळाहून कमी कधीच नाही. तेव्हा ऑक्सिजनचा अणू १६. ज्याला कुणी पाहिलेले नाही, जो पुढची कित्येक दशके कुणाला दिसणार नव्हता, त्याचे वजन फक्त तराजू आणि गुणाकाराच्या आधारे ठरले. लोथर मायर या जर्मन रसायनतज्ज्ञाने ही पुस्तिका वाचली, त्याच्या मनातला गोंधळ मिटला, आणि १८६४ मध्ये त्यानेही एक पाठ्यपुस्तक लिहिले. त्यात २८ मूलद्रव्यांचा वजनाच्या क्रमाने मांडलेला तक्ता आहे. पुस्तक पुन्हा शिकवण्यासाठीचेच!

आता मेंडेलीव्हच्या टेबलाकडे येऊ. वजने विश्वासार्ह झाली होती. ज्ञात मूलद्रव्ये होती ६३. प्रत्येकाचा रंग निराळा, क्षार निराळे, स्वभाव निराळा. कोणत्या क्रमाने सांगायची? जुन्या पुस्तकांतली धातू आणि अधातू ही वाटणी फार ढोबळ होती. मेंडेलीव्हने ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात केली. पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन आले, हवेतून नायट्रोजन, कोळशातून कार्बन. त्यानंतर त्याने घेतले स्वयंपाकघरातले मीठ. शिक्षक म्हणून त्याची पारख मला इथे सर्वांत जास्त दिसते. मिठाच्या एका खड्यात दोन दारे आहेत. एकातून क्लोरिन भेटतो आणि त्याच्यामागे फ्लुओरिन, ब्रोमिन, आयोडिन हे सारे हॅलोजन. दुसऱ्यातून सोडिअम भेटतो आणि त्याच्यामागे लिथिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम, सीझिअम हे अल्क धातू. हॅलोजनांपाशी पहिला खंड संपला, अल्क धातूंपासून दुसरा सुरू झाला.

पण हिशेब पाहिला तर पोटात गोळा यावा असा होता. सबंध पहिल्या खंडात ६३ पैकी सविस्तर आली होती अवघी ८ मूलद्रव्ये. उरलेली ५५ एका खंडात बसवायची होती. एकेकाची माहिती सांगत बसणे शक्यच नव्हते. कुटुंबे करावी लागणार, आणि कुटुंबांनाही काही क्रम हवा. अल्क धातूंनंतर कोण?

हॅलोजन आणि अल्क धातू यांची वजने शेजारी शेजारी लिहून पाहा. फ्लुओरिन १९, सोडिअम २३. क्लोरिन ३५.५, पोटॅशिअम ३९. ब्रोमिन ८०, रुबिडिअम ८५. आयोडिन १२७, सीझिअम १३३. स्वभावाने ही दोन टोके. क्लोरिन हा घसा जाळणारा हिरवट पिवळा वायू, पोटॅशिअम हा सुरीने कापता येणारा, पाण्यात पडताच पेट घेणारा धातू. तरी वजनाच्या ओळीत प्रत्येक हॅलोजनच्या मागोमाग एक अल्क धातू उभा. एकदा नव्हे, चार वेळा. वजन वाढत जाते आणि ठरावीक टप्प्यांनी स्वभाव परत परत येतो. यालाच आपण आवर्तिता म्हणतो.

रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९, म्हणजे आपल्या हिशेबाने १ मार्च. मेंडेलीव्हला त्वेर प्रांतात चीज बनवणाऱ्या सहकारी मंडळ्यांच्या पाहणीला निघायचे होते. त्या कामासंबंधी आलेल्या पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने मूलद्रव्यांच्या कुटुंबांची वजने मांडून वजाबाक्या केल्या. ते पत्र जपून ठेवलेले आहे. त्याच दिवसाचा तक्त्याचा हस्तलिखित मसुदाही आहे. त्यात खाडाखोड किती! मूलद्रव्ये एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेलेली, आकडे खोडून पुन्हा लिहिलेले. मेंडेलीव्हला सारा तक्ता स्वप्नात दिसला अशी एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. तो मसुदा पाहिल्यावर मला त्या स्वप्नाची गरज वाटत नाही. तक्ता छापून झाला. रशियन केमिकल सोसायटीच्या बैठकीत निबंध वाचायची वेळ आली, तेव्हा मेंडेलीव्ह प्रवासात होता, म्हणून मेनशुत्किन या सहकाऱ्याने तो वाचला.

त्या तक्त्यात प्रश्नचिन्हे होती. वजनाच्या ओळीत जिथे स्वभाव जुळेना, तिथे त्याने जागा मोकळी सोडली आणि इथे कुणीतरी यायचे आहे असे ठरवले. १८७१ मध्ये त्याने त्यांतल्या तीन जागांची वर्णनेच लिहून ठेवली. नावांसाठी संस्कृतमधला ‘एक’ घेतला: एक-ॲल्युमिनिअम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. चारच वर्षांत फ्रान्समध्ये बुआबोद्राँला एक-ॲल्युमिनिअम, म्हणजे गॅलिअम, सापडले. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाटलीत पातळच राहील असा हा धातू, कारण तो तिसाच्या आसपास तापमानाला वितळतो. बुआबोद्राँने घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीव्हने तो धातू डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. तरी त्याने कळवले की ती ५.९ च्या आसपास हवी. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, तर ५.९ आली. १८७९ मध्ये स्वीडनमध्ये निल्सनला एक-बोरॉन, म्हणजे स्कँडिअम, मिळाले. १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या विंकलरला चांदीच्या एका खनिजात जर्मेनिअम मिळाले. एक-सिलिकॉनचे वजन मेंडेलीव्हने ७२ सांगितले होते, विंकलरचे उत्तर ७२ च्या किंचित वर. क्लोराइडचा उत्कलनबिंदू शंभराच्या खाली असेल असे सांगितले होते, तो ८६ निघाला. या शोधकांना मेंडेलीव्ह आपल्या नियमाला बळकटी देणारे म्हणत असे.

पुस्तक दुसऱ्या खंडासह १८७१ मध्ये पूर्ण झाले. लेखकाच्या हयातीत त्याच्या आठ आवृत्त्या निघाल्या, शेवटची १९०६ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी. जर्मन, इंग्रजी, फ्रेंच भाषांतरे झाली. पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती अनुक्रमणिका. १८९१ चे इंग्रजी भाषांतर पाचव्या रशियन आवृत्तीवरून झाले. तोवर आवर्ती नियम जगाने मान्य केला होता, भाकिते खरी ठरली होती. पहिल्याच पानावर तक्ता छापून सारे पुस्तक त्यावर उभे करायला कुणाची हरकत नव्हती. मेंडेलीव्हने तसे केले नाही. पहिले प्रकरण पाण्याचे. मग हायड्रोजन, ऑक्सिजन, हवा, कार्बन. दहावे मिठाचे, अकरावे हॅलोजनांचे, बारावे सोडिअमचे, तेरावे पोटॅशिअम आणि त्याच्या भावंडांचे. चौदाव्यात मॅग्नेशिअम, कॅल्शिअम. आवर्ती नियम येतो पंधराव्या प्रकरणात. तिथे पोचलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत तोवर हॅलोजनही असतात आणि अल्क धातूही, वजनांसकट.