निवृत्तिवेतन : हक्क आणि अट

तीस-पस्तीस वर्षे शासकीय सेवा करून निवृत्त झालेल्या माणसाला दरमहा मिळणारी रक्कम ही सरकारची मेहेरबानी असते काय? एकेकाळी तसे मानले जाई. १९७१ साली देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत खोडून काढली. निवृत्तिवेतन ही बक्षिसी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे १९८२ च्या डी. एस. नकारा खटल्यात, हा पूर्वी केलेल्या सेवेचाच मोबदला आहे, हेही स्पष्ट झाले.

मग लाच घेतल्याबद्दल किंवा सरकारी पैशाच्या अफरातफरीबद्दल शिक्षा झालेल्या अधिकाऱ्यालाही हा हक्क उरतो काय? ज्या जनतेच्या पैशावर त्याने हात मारला, तिच्याच तिजोरीतून त्याला आयुष्यभर पोसावे, हे कोणालाही खटकेल. नियमांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे. केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ आणि त्यांच्या जागी आलेले २०२१ चे नियम यांनुसार, निवृत्तीनंतरचे सद्वर्तन ही निवृत्तिवेतनाची गर्भित अट आहे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांतही अशीच तरतूद आहे. गंभीर गुन्ह्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरविल्यास निवृत्तिवेतन पूर्णतः किंवा अंशतः, कायमचे किंवा ठरावीक मुदतीपुरते काढून घेता येते. (१ जानेवारी २००४ पासून केंद्रीय नागरी सेवेत रुजू झालेल्यांसाठी अंशदानावर आधारलेली योजना आली, येथील विवेचन जुन्या व्यवस्थेपुरते आहे.)

परंतु हा अधिकार मोकाट नाही. शिक्षा झालेली असेल, तर न्यायालयाच्या निकालपत्राच्या आधारे निर्णय घ्यावा लागतो. केवळ गैरवर्तणुकीचा आरोप असेल, तर आधी कारणे दाखवा नोटीस देऊन त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकावे लागते. चार वर्षांहून जुन्या घटनेबद्दल निवृत्तीनंतर नव्याने खातेनिहाय चौकशी सुरू करता येत नाही. खटला चालू असताना तात्पुरते निवृत्तिवेतन मिळत राहते. उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, मात्र निकाल लागेपर्यंत अडवून ठेवली जाते.

आरोप आणि अपराध यांतील हे अंतर प्रशासनाला नेहमीच उमगते असे नाही. झारखंडमध्ये एका निवृत्त अधिकाऱ्यावरील खटले प्रलंबित असतानाच शासनाने त्याचे काही निवृत्तिवेतन रोखले. नियमांत तसा आधार नव्हता; होते ते केवळ प्रशासकीय आदेश. २०१३ साली जितेंद्रकुमार श्रीवास्तव यांच्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की निवृत्तिवेतन ही मालमत्ता आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय ती कोणाकडूनही हिरावून घेता येत नाही.

सेवेत असतानाच शिक्षा होऊन कर्मचारी बडतर्फ झाला, तर त्याची आधीची सारी सेवा वाया जाते. येथे खरी अडचण उभी राहते ती घरच्यांची. गुन्हा एकाचा असतो. पण चूल त्याच पैशावर पेटत असते. म्हणून अशा प्रकरणात विशेष विचार करण्याजोगी परिस्थिती असल्यास अनुकंपा भत्ता देण्याची मुभा नियमांत आहे. निवृत्तिवेतन मिळाले असते, तर त्याची जी रक्कम झाली असती, तिच्या दोन तृतीयांशाहून हा भत्ता अधिक असत नाही. तो मागण्याचा हक्क नसतो. बडतर्फ करणाऱ्या अधिकाऱ्याने तो प्रत्येक प्रकरण पाहून ठरवायचा असतो.