शंभर चेहरे आणि काही पत्ते

मधुमेहाचे निदान एकदा झाले की त्या व्याधीशी जन्मभराचा संसार थाटावा लागतो. आणि गोळी वेळेवर घेणे, बोटाला सुई टोचणे, पथ्य सांभाळणे हा त्या संसाराचा सारा कारभार रोग्याच्याच माथी असूनही, औषध कोणते हे ठरविण्याचा अखत्यार मात्र डॉक्टरांकडेच राहत आला आहे. ही विसंगती दूर व्हावी म्हणून अमेरिकेतील रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये व्हिक्टर मोंतोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही साधने सिद्ध केली. त्यांतील मधुमेहाचे साधन म्हणजे पत्त्यांचा एक लहानसा जोड असून, तो आता संगणकाच्या पडद्यावरही मांडता येतो.

औषधागणिक एक पत्रक काढावे, हे कोणालाही सुचले असते. येथे मात्र प्रत्येक पत्ता एकेका काळजीचा आहे: वजन, साखर अकस्मात उतरण्याचे भय, दिनक्रम, रोजची तपासणी, दुष्परिणाम, आणि पहिला पत्ता कोणता उचलावयाचा, हे रोग्याने सांगावयाचे. रात्री ट्रक हाकणारा गृहस्थ साखर उतरण्याचा पत्ता पुढे ओढतो, तेथे इन्शुलिनपाशी ते भय अधिक व मेटफॉर्मिनपाशी अत्यल्प असल्याचे त्याला दिसते. आणि रक्ताच्या कोणत्याही अहवालात न उमटलेली त्याची कैफियत डॉक्टरांना अनायासे कळते.

त्याच संस्थेने स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या गोळीविषयी केलेल्या साधनात पडद्यावर रोग्यासारख्याच शंभर जणांचे चेहरे दिसतात. गोळीने ‘धोका पंचवीस टक्क्यांनी घटतो’ हे वाक्य खरे असूनही फसवे आहे, कारण कशाचे पंचवीस टक्के, ते त्यात गुलदस्त्यातच राहते. समजा, दहा वर्षांत शंभरांपैकी २० जणांना हृदयविकाराचा झटका यावयाचा असेल, तर सर्वांनी गोळी घेतल्यास तो १५ जणांना येईल. म्हणजे पाच वाचले, पण ८० जणांना तो गोळीवाचूनही आला नसता. एवढ्या पाचांसाठी रोजची गोळी घ्यावी की न घ्यावी, यावर दोन शहाण्या माणसांची उत्तरे भिन्न येऊ शकतात, आणि दोन्ही बरोबर असू शकतात.

अशा साधनांच्या २०९ चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये परामर्श घेतला, तेव्हा रोग्यांची माहिती वाढते आणि धोक्याचा अंदाज अधिक अचूक होतो, असे आढळले. तरीही ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते सांगा’ म्हणणारे असतातच, आणि तोही एक निर्णयच आहे. मात्र त्या शंभरांत आपला चेहरा कोणता, असे कोणी विचारले, तर डॉक्टरांनाही तो दाखविता येत नाही.