अनोळखी क्रमांक, ओळखीचे गाव

टोरँटोतील हिवाळ्याची रात्र. दोन वाजलेले. उशाशी ठेवलेला भ्रमणध्वनी वाजू लागतो. पडद्यावर नाव नाही, केवळ आकडे : +९१ ७६१ आणि पुढे काही अंक. मूळची जबलपूरच्या राइट टाउनमधील ती विवाहिता झोपेतच तो बंद करून पालथा ठेवते. गेल्याच महिन्यात एका ‘अधिकाऱ्या’ने तिला पारपत्रातील चुकीवरून अटकेची भीती घातली होती, तेव्हापासून अनोळखी क्रमांक घ्यायचाच नाही, असा तिचा निश्चय होता. परंतु ते ७६१ काही डोळ्यांपुढून हलेना. माहेरच्या दूरध्वनीला बाहेरगावाहून फोन करताना लावावा लागे तो हाच ०७६१. जबलपुरात त्या वेळी दुपारचे साडेबारा वाजले होते. तिने वडिलांना फोन लावला, तो कोणी उचलला नाही. मग शेजारच्या काकूंना लावला. वडील न्हाणीघरात घसरून पडले होते आणि रुग्णालयातून तिलाच फोन केला जात होता.

परदेशी राहणाऱ्या मुलामुलींची कोंडी ही अशी आहे. अनोळखी फोन घ्यावा तर फसवणुकीचे भय, न घ्यावा तर नेमका तोच घरचा निघायचा.

क्रमांकाचे आकडे काही गोष्टी निश्चित सांगतात. +९१ म्हणजे भारत, आणि ७६१ हा जबलपूरच्या स्थिर दूरध्वनीचा सांकेतिक क्रमांक. ज्या शहरात रिज रोडवरील संस्थेत दूरसंचार अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या, त्या शहराच्या रहिवाशाला हे वेगळे सांगायला नको! भ्रमणध्वनीचे मात्र तसे नाही. ३ जुलै २०१५ पासून देशात कोठेही क्रमांक तोच ठेवून सेवा बदलता येते, त्यामुळे आकड्यांवरून गाव ओळखण्याचे दिवस गेले. शिवाय एका देशातून दुसऱ्या देशात जाणारा फोन अनेक कंपन्यांच्या हातांतून जातो आणि त्या प्रवासात मूळ क्रमांक कधी गळून पडतो. मग वडिलांचाच फोन ‘अज्ञात’ म्हणून वाजतो. नातलगांचे क्रमांक +९१ लावून साठवावेत, ही साधी सवय येथे उपयोगी पडते.

उत्तर अमेरिकेत आणखी एक चकवा आहे. अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधील अनेक बेटे यांचा सांकेतिक अंक एकच, +१. त्यामुळे ८७६ ने सुरू होणारा जमैकाचा क्रमांक शेजारच्या राज्यातला वाटतो. एकदाच घंटी देऊन फोन तोडायचा आणि उलट फोन करणाऱ्याला महागडे देयक भरायला लावायचे, ही युक्ती जगभर ‘वानगिरी’ या जपानी नावाने ओळखली जाते.

आकड्यांऐवजी नाव दिसले तर? २००९ मध्ये स्टॉकहोम येथे सुरू झालेले ट्रूकॉलर भारतात घरोघरी पोहोचले आहे. त्यावर दिसणारे नाव पुष्कळदा इतरांनी सुचवलेले असते. उपयुक्त खरे, पण ते ओळखपत्र नव्हे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केलेली योजना याहून पक्की आहे : सिमकार्डाच्या अर्जावर असलेले नावच फोन घेणाऱ्याला दिसावे. मात्र ही सोय देशातल्या देशात होणाऱ्या फोनसाठी आहे, टोरँटोत तिचा लाभ नाही. आणि गंमत अशी की, मुलाने स्वतःच्या नावावर सिमकार्ड घेऊन आईला दिले असेल, तर आईच्या फोनवर नाव मुलाचेच दिसणार.

खरा धोका याच्याही पुढचा आहे. आकडेसुद्धा उसने आणता येतात. २०१८ मध्ये वॉशिंग्टन येथील भारतीय दूतावासाला जाहीर सूचना द्यावी लागली, कारण ठकसेन दूतावासाचाच क्रमांक पडद्यावर उमटवून लोकांकडे पैसे मागत होते. क्रमांक खरा, माणूस खोटा! भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये, परदेशातून येऊनही भारतीय क्रमांक धारण करणारे फोन अडवणारी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत असे सुमारे १ कोटी ३५ लाख फोन ओळखले गेले.

म्हणून पडद्यावर काय दिसते, यापेक्षा आपण उलट फोन कोठे करतो, याला महत्त्व आहे. संशय येताच फोन ठेवावा आणि स्वतःजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करावी. त्या रात्री तिने नेमके हेच केले होते. बँकेच्या बाबतीत तर हे अधिकच आवश्यक. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकान्वये व्यवहारविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका वापरण्यास बँकांना सांगितले आहे. तरीही १६०० पाहून कोणी ओटीपी सांगू नये. बँकेचा अधिकारी तो कधीच मागत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही, हेही वृद्ध आईवडिलांना एकदा समजावून सांगावे. १८०० चा निःशुल्क क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाही, तेव्हा बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक निघण्यापूर्वीच टिपून घेतलेला बरा.

वडील दहा दिवसांनी घरी आले. आता दूरध्वनीच्या कोनाड्यात एक वही असते. तीत रुग्णालय, काकू, शाखा, औषधांचे दुकान असे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेले असून तेच टोरँटोतही नावांसह साठवलेले आहेत. अनोळखी क्रमांकावरून फोन करावा लागला, तर आधी व्हॉट्सॲपवर दोन शब्द लिहायचे, असे काकूंशी ठरले आहे. मुलगी अडचणीत आहे असे सांगून कोणी पैसे मागितले, तर वडिलांनी एकच प्रश्न विचारायचा : परसातल्या पेरूच्या झाडाला आजी काय म्हणत असे? त्याचे उत्तर मात्र वहीत लिहिलेले नाही.