रॉकेटमधल्या बाहुल्या

आमच्या हिंगोलीत 'कॅप्टन व्योम' (१९९८) ही अंतराळातली मालिका बघायची म्हणजे एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा, बाकीच्यांनी खालून "मुंग्या गेल्या!" ओरडायचं. आणि बाहुल्या म्हटलं की शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा अर्धवटराव, नाहीतर 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचू. अंतराळ आणि बाहुल्या ही जोडी मात्र जमवली इंग्लंडच्या जेरी अँडरसनने, 'थंडरबर्ड्स' या टीव्ही मालिकेत. साल १९६५!

यातली करामत बघा. बाहुली ज्या बारीक तारांना टांगलेली, त्यातल्याच तारांतून वीज डोक्यात जायची. तिथे छोटा विद्युतचुंबक. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादाबरहुकूम खालचा ओठ हलायचा. हे सगळं डोक्यात कोंबायचं म्हणून डोकी धडाच्या मानाने मोठी! चालताना मात्र बाहुल्या डुगडुगायच्या, म्हणून त्यांना शक्यतो बसवूनच ठेवत. आपल्या पाध्यांचं सगळं हाताने आणि स्वतःचे ओठ न हलवता. मला विचाराल तर तेच जास्त अवघड.

'थंडरबर्ड्स'चं संगीत बॅरी ग्रे यांचं. पोरांची मालिका म्हणून कुठेही हात आखडता नाही. पितळी वाद्यांचा दणदणीत मार्च. मालिका इंटरनेटवर सापडली तर सुरुवातीची उलटी मोजणी सुरू होताच आवाज वाढवा. 'स्किप' दाबणाऱ्याशी आपली कट्टी.