दंतक्षते

माणसाने माणसाला केलेल्या दंशाची वर्दी ठाण्यात क्वचितच जाते, आणि दवाखान्यात तर तो बहुधा टोपणनावानेच येतो. कारण हातघाईत समोरच्याच्या तोंडावर ठोसा हाणणारा गृहस्थ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजलेला हात घेऊन हजर होतो तेव्हा 'काच लागली', 'दारात सापडला' अशी काहीतरी जबानी देतो, आणि आपली जखम ही दंशाची जखम आहे याची त्यालाही कल्पना नसते. चावलेले कोणीच नसते; त्याची मूठच दातांवर जाऊन आदळलेली असते. बोटाच्या मुळाशी मुठीत वर येणाऱ्या उंचवट्यावर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची चीर दिसते, आणि जाणता शल्यचिकित्सक, अन्य काही सिद्ध होईतोवर, तिला मानवी दंशच समजून चालतो.

या चिरेतला कपटाचा भाग शरीररचनेत आहे. मूठ वळलेली असताना बोट सरळ करणारा स्नायुबंध ताणला जाऊन पुढे सरकलेला असतो, आणि सांध्यावर त्वचा, तो बंध व सांध्याचे आवरण एवढेच पातळ पदर उरतात. दात ते सारे भेदून सांध्याच्या पोकळीत लाळ सोडतो, आणि पुढे मूठ उघडली की बंध मागे सरकतो, पदरांतील छिद्रे एकमेकांसमोरून ढळतात व जंतू आत कोंडले जातात. म्हणून पंजा पसरून पाहणाऱ्या डॉक्टराला काहीच गंभीर दिसत नाही. रोग्याला पुन्हा मूठ वळायला लावली पाहिजे, आणि दाताचा तुकडा आत राहिला आहे का, हाड दुखावले आहे का, हे पाहण्यासाठी क्ष-किरण चित्रही घेतले पाहिजे. सांध्यात दात शिरल्याचा संशय आला तर शस्त्रक्रियागृहात जखम रुंद करून ती धुवावी लागते, आणि टाके न घालता उघडी ठेवावी लागते. मानवी मुखात वसणारा आयकेनेला नावाचा मंदगतीने वाढणारा जंतू येथे हटकून आठवावा लागतो, कारण क्लिंडामायसिनला तो जुमानत नाही. अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या जोडगोळीपुढे मात्र नमतो. कायद्याची नजर वेगळी: २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या दंडसंहितेच्या ३२६ कलमाखालील एका अपिलात मानवी दात हे घातक हत्यार नव्हे असा निवाडा दिला. कायद्याच्या कक्षेत तो शिरसावंद्य आहे. पण आखडून बसलेले मधले बोट घेऊन फिरणाऱ्याला त्याने फारसे समाधान लाभू नये.

मांजराची गोष्ट याच कुळातली. कुत्र्याचा जबडा मांस फाडतो, रक्त वाहते, घरदार हादरते, परंतु ती जखम उघडी व धुण्याजोगी असते. मांजराचा दात इंजेक्शनच्या सुईसारखा खोल शिरतो, वर केवळ ठिपका ठेवतो आणि पाश्च्युरेला हा जंतू आत पेरून येतो, म्हणूनच मांजराचा चावा कुत्र्याच्या चाव्याहून कितीतरी अधिक वेळा पिकतो, आणि तोही बहुधा चोवीस तासांच्या आत. धनुर्वाताच्या लसीची मात्रा शेवटची कधी घेतली, हा प्रश्न प्रत्येक दंशाबरोबर विचारायचा असतोच.

या सर्वांहून निराळा शत्रू म्हणजे रेबीज. त्याच्या विषाणूला घाई नसते: तो मज्जातंतूंच्या आतून मेंदूकडे प्रवास करतो, बहुधा एक ते तीन महिन्यांनी प्रकट होतो, आणि लक्षणे दिसू लागली की वैद्यक जवळजवळ हतबल ठरते. परंतु याच विषाणूचे बाह्य कवच स्निग्ध द्रव्याचे असल्यामुळे साबण ते विरघळवतो. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हा म्हणूनच उपचाराचा पहिला भाग आहे, दवाखाना गाठण्यापूर्वीचा वेळकाढूपणा नव्हे. त्याऐवजी चुना किंवा तिखट चोळणाऱ्यांनी आजवर किती जखमा अधिक चेतवल्या असतील त्याचा हिशेब कोणत्याही दप्तरी नाही.

पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची जी दहशत आपल्या घराघरांत अद्याप टिकून आहे, ती कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली सिद्ध केलेल्या, मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या लसीची आहे. तिने असंख्य जीव वाचवले, पण तिच्यातील मज्जाद्रव्यामुळे काहींना पक्षाघातही झाला. आता पेशीसंवर्धनातून तयार होणारी लस दंडावर टोचतात: स्नायूत द्यायची तर पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी. लसीमुळे प्रतिपिंडे निर्माण होण्यास आठवडाभर तरी लागतो, म्हणून त्वचा भेदून रक्त आले असेल तेव्हा तयार प्रतिपिंडांचे औषध जखमेच्या आत आणि भोवती टोचावे लागते. ते महाग आहे, टोचताना दुखते, आणि टाळले जाते ते नेमके हेच. चावणारा कुत्रा किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिले तर लस पुढे थांबवता येते, पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस सुरूच न करणे हा शुद्ध जुगार होय. ज्याने पूर्वी पूर्ण क्रम घेतला आहे त्याला पुन्हा दंश झाल्यास ० व ३ या दिवशीच्या दोनच मात्रा पुरतात, प्रतिपिंडांची गरज पडत नाही; तेव्हा लसीचा तो कागद सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवण्याच्या लायकीचा आहे.